ताजमहालात दशम्या

मराठीत 'हॉटेल' या शब्दाइतका समदर्शी शब्द दुसरा नसेल. कोपऱ्यावरच्या चहावाल्याची दोन बाकडी, उडुप्याचे इडलीगृह, मिसळीसाठी नाव झालेली अंधारी खोली आणि पालवा बंदरावरचा ताजमहाल, या सगळ्यांना आपण हॉटेलच म्हणतो. "जरा हॉटेलात जाऊन येतो," असे सांगून बाहेर पडलेला मराठी माणूस वीस मिनिटांत परत येतो, कारण तो चहा प्यायला गेलेला असतो. हॉटेल राहण्यासाठी असते ही कल्पना आपल्याकडे उशिराच आली. परगावी आपण 'उतरतो', आणि तेही आत्याकडे, मावसभावाकडे, नाहीतर देवस्थानच्या भक्तनिवासात. स्वतःच्याच गावात हॉटेलात उतरणाऱ्या माणसाविषयी आपला पहिला तर्क असतो तो घरात भांडण झाल्याचा.

गेल्या आषाढात आम्ही दोघे डोंबिवलीहून निघालो आणि मुंबईत ताजमहाल हॉटेलात उतरलो. घरात भांडण झाले नव्हते. निदान निघेपर्यंत तरी नव्हते.

या सगळ्याच्या मुळाशी भिशी होती. सौभाग्यवती बँकेत आहेत. तिथे चौदा बायकांची भिशी चालते आणि ज्येष्ठात हिचा नंबर लागला. कपडे धुण्याचे यंत्र बदलायला झाले आहे, याकडे मी नम्रपणे लक्ष वेधले. ही म्हणाली, "यंत्र पुढच्या भिशीत. लग्नाला वीस वर्षं झाली. मला एकदा ताजमध्ये राहायचंय."

हिचे लहानपण ठाकुरद्वारच्या चाळीतले. दर दिवाळीत वडील मुलांना गेटवेला घेऊन जात, खारे दाणे घेऊन देत आणि कठड्यावर बसवत. समोर ती एवढी थोरली इमारत. "आत कोण राहतं?" असे हिने एकदा विचारले, तेव्हा वडील म्हणाले होते, "आपल्यातलं कुणी नाही." एवढेच. पण काही वाक्ये मुलांच्या मनात घर करून बसतात. बोलणारा ती केव्हाच विसरलेला असतो. या मुद्द्यावर मला पुढे पुन्हा यायचे आहे.

आईला आम्ही आकडा सांगितला नाही. वाचकांनाही सांगत नाही, कारण हा अंक ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. "गावातल्या गावात मुक्काम कसला? कुणाचं लग्न आहे का?" एवढे तिने विचारले आणि ती स्वयंपाकघरात गेली. तासाभराने तिने स्वच्छ फडक्यात बांधलेल्या आठ दशम्या आणि लसणीच्या चटणीची डबी माझ्या पिशवीत घातली. "आई, तिथं सगळं मिळतं," मी म्हणालो. "मिळत असेल. पण केव्हा मिळेल, आणि कसलं?" दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस टिकतात, हे प्रवासाचे शास्त्र आईला तिच्या आईकडून आलेले. त्यापुढे ताजमहालाची काय कथा?

गाडीत शेजारच्या बिऱ्हाडातले गृहस्थ भेटले. "बॅग घेऊन कुठे?" "मुंबईला." "कुठे उतरणार?" "नातेवाइकांकडे," मी म्हणालो. हिने खिडकीबाहेर पाहिले.

माझी खरी चिंता वेगळी होती. मोठ्या हॉटेलात पावलोपावली बक्षिशी द्यावी लागते, असे ऐकून होतो. किती, कुणाला, केव्हा, आणि मुख्य म्हणजे कशी? हातावर ठेवायची, की बशीखाली सरकवायची? आदल्या दिवशी पन्नासाच्या आणि शंभराच्या कोऱ्या नोटा आणून मी दोन खिशांत वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. परीक्षेला दोन पेने नेणारा माणूस मी. पण हा पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

दारात बॅग यंत्रातून गेली. पडद्यावर आमच्या दशम्यांची गोल सावली दिसली असणार. पण तपासणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. काउंटरवरच्या मुलीने इंग्रजीत विचारले, आपण येथे पहिल्यांदाच येत आहात का? ही मराठीत म्हणाली, "चाळीस वर्षं येतेय. फक्त रस्त्याच्या पलीकडे बसायचो." मुलगी मनापासून हसली आणि तिथून पुढे मराठीतच बोलली. मी उगाचच खिसा चाचपून पाहिला.

आमची खोली मूळच्या इमारतीत नव्हती. शेजारी १९७३ साली मनोरा उभा राहिला, त्यात ती होती. भिशीची धाव तिथवरच. खोलीचे वर्णन करून मी वाचकांना छळणार नाही. दोन माणसांना सहा उशा, गुडघाभर मऊ गादी, आणि न्हाणीघरात सगळे काही असून बादली आणि तांब्या नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ही खिडकीपाशी उभी राहून मुंबईची छपरे बघत होती. म्हणाली, "चला, जुन्या भागात जाऊ."

त्या जुन्या भागाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. आपण गेटवेला जातो आणि मग ताजमहालाकडे पाहतो. त्यामुळे गेटवे आधीचा आणि हॉटेल मागाहून आलेले, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती उलटी आहे. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. गेटवेचे उद्घाटन झाले १९२४ साली. एकवीस वर्षे हे हॉटेल त्या कमानीवाचून समुद्राकडे पाहत उभे होते. ज्यांनी ते उभारले त्या जमशेटजी टाटांना मात्र ते जेमतेम पाच महिने पाहायला मिळाले. मे १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचे निधन झाले.

या इमारतीच्या दोन गोष्टी मुंबईत घरोघर सांगतात. पहिली अशी, की काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात गोऱ्यांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता, जमशेटजींना तिथे अडवले, म्हणून रागाने त्यांनी ताज बांधले. वॉटसन हॉटेल खरेच होते. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेहून आणला होता आणि लुमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दिसली ती तिथेच, ७ जुलै १८९६ रोजी. पण जमशेटजींच्या अपमानाच्या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. दुसरी गोष्ट अशी, की इमारत चुकून उलटी बांधली गेली, तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे झाली, आणि हे पाहून वास्तुतज्ज्ञाने जीव दिला. ही तर शुद्ध थाप. मूळ दरवाजा गावाच्या बाजूने होता हे खरे. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. पण घोडागाड्या गावातूनच यायच्या, त्या काय समुद्रातून येणार होत्या? दरवाजा हवा होता तिथेच केला होता.

मला गंमत वाटते ती याची, की वास्तुतज्ज्ञाच्या मरणाची खोटी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याचे खरे नाव कुणालाच ठाऊक नसते. सीताराम खंडेराव वैद्य. जोडीला डी. एन. मिर्झा, आणि वैद्यांच्या पश्चात काम पुरे केले ते चेंबर्स या इंग्रजाने. ज्या इमारतीकडे बोट दाखवून हिचे वडील "आपल्यातलं कुणी नाही" म्हणाले, तिचा नकाशा एका वैद्यांनी काढलेला. मी जिन्याच्या पायऱ्यांवर हे हिला सांगितले. जिन्याशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. ही त्याच्याकडे पाहत म्हणाली, "बाबांना हे कुणी सांगायला हवं होतं." माझे सासरे जाऊन अकरा वर्षे झाली.

पहिल्या मजल्यावर समुद्राकडे तोंड करून चहाची मोठी खोली आहे, सी लाउंज. हिला जे पाहायचे होते ते इथे होते. खिडकीशी बसून आम्ही चहा मागवला. खाली गेटवे, कबुतरे, पावसात भिजलेल्या छत्र्या, घारापुरीच्या बंद लाँची, आणि तो कठडा. कठड्यापाशी एक कुटुंब उभे होते. त्यातली एक मुलगी वर बोट दाखवून काही विचारत होती. हिने नकळत हात हलवला. एवढ्या लांबून त्या मुलीला काय दिसणार? पण ही हात हलवत राहिली आणि मी किटलीतला चहा कपात ओतत राहिलो.

शेजारच्या टेबलावर चार माणसे एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला बसली होती. मधोमध एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांकडे न बघण्याचा कसोशीने प्रयत्न करीत होती. "बघण्याचा कार्यक्रम," हिने निदान केले. या खोलीची ती जुनी ख्यातीच आहे. मुंबईतल्या कित्येक सोयरिकी इथल्या चहावर जुळल्या. आपल्याकडे हेच काम कांद्यापोह्यांवर भागते. आठ पाहुण्यांचा खर्च लक्षात घेता आपलीच पद्धत शहाणपणाची.

रात्र झाली आणि भूक लागली. खोलीतले भोजनपत्र मी दोनदा वाचले, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. उजवीकडे आकडे होते. ही काही बोलली नाही. उठली, बॅगेतले वर्तमानपत्र काढून गालिच्यावर पसरले आणि फडके सोडले. माणूस किती का मऊ गादीवर बसेना, दशमी खायला त्याला मांडी घालावीच लागते. दुसरी दशमी अर्धी झाली असेल, तोच दारावर टकटक झाली.

हिने फडके झाकायचा प्रयत्न केला. चटणीचा वास झाकता येत नाही. मी तोंड पुसून दार उघडले. काळ्या कोटातला एक तरुण, हातात छोटा केक. लग्नाच्या वाढदिवसाची हॉटेलतर्फे भेट. मी उजव्या खिशात हात घातला. आणि तो म्हणाला, "सर, ओळखलंत का?"

त्याचे नाव मी लिहीत नाही. तो नोकरीत आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी तो आमच्या कॉलेजात होता. सकाळी साडेसातच्या तासाला शेवटच्या बाकावर, भिंतीला डोके टेकून. खिशातल्या नोटेवरची माझी बोटे तिथल्या तिथे थिजली. ती नोट बाहेर काढता येईना आणि हातही काढता येईना.

तो आत आला, केक टेबलावर ठेवला आणि गालिच्यावरच्या पंगतीकडे जणू रोजचेच दृश्य असल्यासारखे पाहिले. मग म्हणाला, "वहिनी, दशम्या का? थांबा, बशा देतो." कपाटाखालून बशा काढून त्याने वर्तमानपत्रावर मांडल्या, पाण्याचे पेले ठेवले आणि शेजारी पांढरे रुमाल ठेवले. हे तो इतक्या सहजपणे करीत होता, की आमचा संकोच केव्हा गेला ते कळलेच नाही.

"सर कसे शिकवायचे?" हिने विचारले.

"छान शिकवायचे. मीच झोपायचो. रात्री बारापर्यंत एका उडुप्याकडे कामाला होतो ना," तो हसला. "सरांनी एकदा उठवलं होतं मला."

फक्त एवढेच म्हणाला. पण उठवले होते म्हणजे काय केले होते, ते मला आठवत होते. भर वर्गात मी त्याला उभे केले आणि म्हणालो, "झोपा काढायच्या असतील तर कॉलेजात कशाला येता? उद्या कुठल्यातरी हॉटेलात कपबशा विसळाल." वर्ग हसला होता. तोही हसला होता, असे मी आजवर धरून चाललो होतो. हे वाक्य माझे नाही. ते माझ्या वडिलांचे, त्याआधी त्यांच्या मास्तरांचे. मराठी घरात गणिताला कमी गुण मिळवणाऱ्या प्रत्येक पोराने ते ऐकलेले आहे. तो त्या वेळी रात्रीच्या बारापर्यंत नेमक्या कपबशाच विसळत होता, एवढेच मला ठाऊक नव्हते. आणि विचारायला तर मी गेलोच नव्हतो.

आपले हे एक कोडेच आहे. 'अतिथी' शब्द मी दरवर्षी फोडून सांगतो: ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. त्याला देव मानावे, असे सांगणारे आपण. पण पाहुण्याला वाढण्याचे काम कुणी पोटासाठी करू लागला, की तो आपल्या लेखी वाया गेलेला. गिरणगावात घरापासून दूर राहणाऱ्या हजारो कामगारांना खानावळवाल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातले. त्यांची नोंद घेऊन १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तोवर त्यांना 'धंदा करणाऱ्या' असे कुणी मानतही नव्हते. मुंबईत १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने केटरिंग कॉलेज निघाले. ते आज दादरला, आपल्या अगदी वस्तीत आहे. पण माझ्या ओळखीच्या एकाही घरात मुलाला तिथे घालण्याचा विषय निघाल्याचे मी ऐकलेले नाही. त्या कॉलेजवरून आपण शिकवणीला जातो.

"पुढं काय केलंस?" मी विचारले. बी.ए. कसेबसे झाल्यावर त्याने हॉटेल-व्यवस्थापनाची पदविका घेतली, दोन ठिकाणी उमेदवारी केली आणि मग इथे लागला. "मराठीचा उपयोग होतो, सर," तो म्हणाला. मला बरे वाटावे म्हणून म्हणाला की खरेच, ते कळले नाही.

मग हिने विचारले, "ते २००८ साली झालं, तेव्हा तू इथं नव्हतास ना?"

"नाही, वहिनी. तेव्हा मी शाळेत. पण जुनी माणसं आहेत. फार बोलत नाहीत." थोडे थांबून म्हणाला, "खाली एकतीस नावं लिहिली आहेत. सकाळी जाताना दोन मिनिटं थांबा तिथं."

नोव्हेंबर २००८ मधल्या त्या तीन दिवसांत इथल्या नोकरमाणसांनी काय केले, हे आता जगाला ठाऊक आहे. पळून जाण्याच्या वाटा माहीत असूनही ती पाहुण्यांना सोडून गेली नाहीत. असे का झाले, याचा शोध हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी घेतला. त्यांच्या लिखाणातला एक मुद्दा मला विसरता येत नाही. हे हॉटेल माणसे निवडताना महानगरांपेक्षा लहान गावांकडे वळते आणि गुणपत्रिकेपेक्षा वडीलधाऱ्यांविषयीचा आदर, हसतमुखपणा, गरजूपणा असल्या गोष्टी पाहते. माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत यांपैकी एकाही गोष्टीला रकाना नाही. त्या मुलाला मी शंभरपैकी अडतीस दिले होते.

तो निघाला. आता बक्षिशीचा क्षण आला. विद्यार्थ्याच्या हातावर शंभराची नोट ठेवायची? गुरुदक्षिणेची दिशा अशी उलटी कधी झालेली नाही. न द्यावी, तर दुसऱ्या कुठल्याही मुलाला दिली असती ती याला का नाही? माझा हात खिशातच राहिला. त्याने तो पाहिला असावा. म्हणाला, "सर, काही नको. वहिनी, एक दशमी देता? इथं खाता येत नाही, बांधून द्या."

हिने दोन दशम्या आणि चमचाभर चटणी कागदी रुमालात बांधून दिली. ती त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, दार ओढून घेताना वाकून नमस्कार केला आणि गेला. तो नमस्कार मास्तरांना होता की पाहुण्यांना, याचा विचार करीत मी त्या सहा उशांवर बराच वेळ जागा होतो. त्या वाक्याबद्दल सकाळी त्याच्याशी बोलायचे, असे मी ठरवले. कसे बोलायचे, याची दोन-तीन वाक्ये मनात जुळवूनही ठेवली.

सकाळी आम्ही त्या नावांपाशी थांबलो. ही एकेक नाव ओठांत वाचत होती. नंतर काउंटरवर मी त्या मुलाची चौकशी केली. रात्रपाळी संपवून तो सहालाच गेला होता. निरोप ठेवायचा आहे का, असे त्यांनी विचारले. कागद-पेन पुढे आले. चोवीस वर्षे वह्या तपासणाऱ्या माणसाला चार ओळी सुचू नयेत? शेवटी "दशमी कशी होती?" एवढेच लिहिले आणि खाली सही केली.

घरी आलो तो आई दारातच. "दशम्या पुरल्या का?"

"दोन कमी पडल्या," ही म्हणाली. "तिथं यांचा एक विद्यार्थी भेटला. त्याला दिल्या."

"बरं केलंत," आई म्हणाली. "हॉटेलात राबणाऱ्या पोरांना घरचं कुठून मिळणार?" आणि रिकामे फडके झटकून धुवायला घेऊन गेली.